लिक्युर बदलले की कॉकटेल बिघडते: दोष कुठे शोधावा

घरी एखादे अभिजात कॉकटेल करायला घ्यावे, पाककृतीत सांगितलेले लिक्युर, म्हणजे गोड, सुगंधी मद्य, कपाटात नसावे, म्हणून त्याच जातीचे दुसरे तेवढ्याच मापाने घालावे आणि पेय फसावे, असे वारंवार घडते. कधी ते नको इतके गोड होते, कधी पाणचट लागते, तर कधी सगळे जागच्या जागी असूनही चवीत पोकळी जाणवते. पुढच्या वेळी लिंबू वाढवले जाते, त्यापुढच्या वेळी बर्फ कमी होतो, पण तक्रार तशीच राहते, कारण बदली लिक्युर निवडताना फक्त स्वादाचे नाव पाहिलेले असते. संत्र्याच्या जागी संत्रे आणि चेरीच्या जागी चेरी एवढाच हिशेब झालेला असतो. पेल्यात लिक्युर स्वादाखेरीज आणखी तीन गोष्टी आणते: मद्यार्क, साखर आणि काही वेळा कडूपणा. यांपैकी नेमके काय घटले किंवा वाढले हे कळले, तर दुरुस्ती बहुधा पाच-दहा मिलीलिटरची असते.

एकाच कुटुंबातल्या दोन बाटल्यांत किती अंतर असू शकते, याची कल्पना युरोपीय संघाच्या नियमांवरून येते. तिथे लिक्युर म्हणून विकायच्या पेयात किमान १५ टक्के मद्यार्क आणि साधारणपणे लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर लागते. नावात ‘क्रेम द’ असेल तर साखरेची किमान मर्यादा २५० ग्रॅमवर जाते आणि ब्लॅककरंटच्या क्रेम द कासीससाठी ती ४०० ग्रॅम आहे. म्हणजे कायद्याच्या चौकटीतही साखरेत चौपट फरक पडू शकतो. मद्यार्काचा पल्ला तर १५ पासून थेट हिरव्या शार्त्रूझ या वनस्पतींच्या फ्रेंच लिक्युरच्या ५५ टक्क्यांपर्यंत जातो. अशा दोन बाटल्या ‘एकास एक’ बदलून पेय जमले, तर तो योगायोग मानावा.

आधी इतर संशयित तपासावेत

बदली लिक्युरवर ठपका ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. व्हर्मूथ ही मुळात वाइन आहे. बाटली उघडल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवून महिन्या-दोन महिन्यांत संपवली नाही, तर तिची चव मरगळते आणि दोष बिचाऱ्या नव्या लिक्युरच्या माथी मारला जातो. लिंबाचा रस त्याच दिवशी काढलेला असावा. बर्फ मोठ्या खड्यांचा आणि कोरडा असावा, कारण आधीच पाझरू लागलेला बारीक बर्फ शेकरमध्ये गरजेपेक्षा जास्त पाणी सोडतो. लिक्युर डोळ्यांच्या अंदाजाने ओतण्याची सवय असेल, तर पुढचे सर्व वाचण्याआधी मिलीलिटरच्या खुणा असलेले माप घ्यावे.

पेय गोडही लागते आणि पाणचटही

ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार आहे आणि तिचे मूळ बहुतेक वेळा संत्र्याच्या लिक्युरमध्ये असते. साइडकार या कॉकटेलचे एक सर्वमान्य माप घेऊ: कॉन्यॅक (फ्रेंच ब्रँडी) ५० मिली, ट्रिपल सेक (संत्र्याच्या सालीचे लिक्युर) २० मिली, लिंबाचा रस २० मिली. ट्रिपल सेक म्हणून क्वांत्रो वापरले, तर त्यात ४० टक्के मद्यार्क असतो. कॉन्यॅकमधून २० मिली आणि क्वांत्रोतून ८ मिली असा एकूण २८ मिली शुद्ध मद्यार्क ९० मिली मिश्रणात येतो. म्हणजे बर्फ लागण्यापूर्वी साधारण ३१ टक्के. आता त्याच जागी २० टक्क्यांचे स्वस्त ट्रिपल सेक घातले, की मद्यार्क २४ मिलीवर उतरतो आणि मिश्रण २७ टक्क्यांच्या आत येते. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, परंतु शेकरमधून उतरलेल्या पेयात सुमारे एक चतुर्थांश किंवा त्याहून थोडे अधिक पाणी मिसळलेले असते आणि तेव्हा मद्यार्काची हीच कमतरता ‘पाणचट’ म्हणून जिभेला कळते. साखर मात्र कमी झालेली नसते. तिला तोलणारी धार घटलेली असते, त्यामुळे तीच साखर जास्त वाटते. इथे लिंबू वाढवणे हा चुकीचा उपाय आहे, कारण त्याने पेय आंबट होते आणि आणखी पातळही होते.

योग्य उपाय मूळ मद्य वाढवण्याचा आहे. कॉन्यॅक ६० मिली केले, तर एकूण मद्यार्क पुन्हा २८ मिली होतो. मिश्रण १०० मिली झाल्यामुळे प्रमाण २८ टक्के राहते, आणि एवढे पुरेसे असते. कमी मद्यार्काच्या लिक्युरमध्ये सालीचा सुगंधही बहुधा फिका असतो, म्हणून संत्र्याच्या सालीची पातळ पट्टी शेकरमध्येच टाकून हलवावी किंवा पेय गाळल्यावर तिचे तेल वरून पिळावे. लिक्युर बदलण्याच्या खटपटीत सालीचा हा तुकडा जितका भरवशाने काम करतो, तितके दुसरे काही क्वचितच करते, असे माझे मत आहे.

मद्यार्काचा आकडा लेबलवर छापलेला असतो, साखरेचा बहुधा नसतो. तो घरच्या वजनकाट्यावर काढता येतो, आणि ही रीत फारशी कोणी वापरत नाही याचे आश्चर्य वाटते. सुमारे १०० मिलीची एक छोटी बाटली घ्यावी, ती काठोकाठ पाण्याने भरून पाण्याचे वजन करावे. जितके ग्रॅम भरतील तितके मिलीलिटर तिचे आकारमान. मग ती कोरडी करून त्याच पातळीपर्यंत लिक्युरने भरावी आणि वजन करावे. लिक्युर खोलीच्या तापमानाला असावे. साखर नसलेल्या ४० टक्क्यांच्या मद्याचे १०० मिली साधारण ९५ ग्रॅम भरतात आणि २० टक्क्यांच्या मद्याचे साधारण ९७ ग्रॅम. याहून जितके ग्रॅम जास्त भरतील, त्यांना ०.३८ ने भागले, की १०० मिलीमधली साखर ग्रॅममध्ये मिळते. समजा, ४० टक्क्यांचे एक लिक्युर १०४ ग्रॅम भरले, तर जास्तीचे ९ ग्रॅम म्हणजे अंदाजे २४ ग्रॅम साखर. २० टक्क्यांचे दुसरे १०७ ग्रॅम भरले, तर जास्तीचे १० ग्रॅम म्हणजे अंदाजे २६ ग्रॅम. यावरून लगेच कळते, की दुसरी बाटली चाखताना कितीही गोड वाटली तरी साखरेत दोन्ही जवळपास सारख्या आहेत आणि खरी तूट मद्यार्काची आहे. हा हिशेब ढोबळ आहे. वजनात एका ग्रॅमची चूक झाली तरी लिटरमागे पंचवीस-सव्वीस ग्रॅम साखरेचा फरक दिसतो, आणि दूध किंवा साय असलेल्या लिक्युरला तो लागू पडत नाही. तरीही नुसत्या जिभेच्या अंदाजापेक्षा तो खूपच बरा, शिवाय लिक्युर पुन्हा बाटलीत ओतता येते.

नुसत्या जिभेवर विसंबू नये याचे आणखी एक कारण तापमान आहे. खोलीच्या तापमानाला चाखलेले लिक्युर असते त्यापेक्षा गोड भासते आणि थंडगार पेयात तीच गोडी दबते. म्हणून दोन लिक्युरांची तुलना करताना प्रत्येकी १० मिलीमध्ये तेवढेच बर्फाचे पाणी घालून चाखावे. तयार पेयाच्या बाबतीतही गोडी केव्हा जाणवते याकडे लक्ष द्यावे. पहिल्याच घोटाला गोड लागले, तर लिक्युरचे माप जास्त आहे. सुरुवातीला नेटके लागून पेला अर्धा झाल्यावर गोड होऊ लागले, तर साखर आणि आंबटपणा यांचा तोल काठावर आहे; अशा वेळी लिक्युर ३ ते ५ मिलीने घटवणे पुरते, पाककृती उलटीपालटी करण्याची गरज नसते.

मद्यार्क जुळूनही पेय बिघडण्याचे उदाहरण म्हणजे टकीलाच्या मार्गारिटामध्ये क्वांत्रोऐवजी ग्रँ मार्निए हे संत्र्याचे दुसरे लिक्युर. दोन्ही ४० टक्क्यांची आहेत, पण ग्रँ मार्निएच्या तळाशी कॉन्यॅक आहे आणि त्याची गोलाई न मुरवलेल्या पांढऱ्या टकीलाची गवताळ धार झाकून टाकते. तेव्हा ग्रँ मार्निए २० ऐवजी १५ मिली घेऊन साखरेची भरपाई ५ मिलीच्या आत पाकाने करावी, किंवा पिंपात थोडी मुरलेली रेपोसादो टकीला घ्यावी, जिला ही सोबत मानवते. ब्लू क्युरासाओ हेही संत्र्याचेच लिक्युर आहे, त्यामुळे मद्यार्क आणि साखर जुळवून ते मार्गारिटात चालते. कॉस्मोपॉलिटनमध्ये मात्र क्रॅनबेरीच्या लाल रसाबरोबर त्या निळ्याचा जो रंग होतो, तो पाहुण्यांसमोर ठेवण्याजोगा नसतो.

कडूपणा हरवतो

निग्रोनी या कॉकटेलमध्ये कडू-गोड काम्पारीऐवजी आपेरोल घालणे ही सर्वांत मोहात पाडणारी अदलाबदल आहे, कारण दोन्ही इटालियन, दोन्ही संत्र्याच्या वळणाची, दोन्ही लालसर. परंतु आपेरोलमध्ये ११ टक्के मद्यार्क आहे, तर काम्पारी देशागणिक वेगवेगळ्या ताकदीची मिळते आणि बहुतेक ठिकाणी ती २० ते २८ टक्क्यांच्या दरम्यान असते. जिन, काम्पारी आणि गोड व्हर्मूथ प्रत्येकी ३० मिली धरले, जिन ४०, काम्पारी २५ आणि व्हर्मूथ १६ टक्क्यांची मानली, तर मिश्रण २७ टक्क्यांचे होते. आपेरोल घातल्यावर ते २२ टक्क्यांवर येते. शिवाय कडूपणाचा कणाच नाहीसा होतो. काम्पारी एकाच वेळी गोड आणि कडू असल्यामुळे तिच्या साखरेला तिच्याच कडूपणाचा लगाम असतो. आपेरोलचा लगाम सैल आहे आणि त्यातच व्हर्मूथची गोडी मोकळी सुटते.

दुरुस्ती दोन टप्प्यांत करावी. प्रथम जिन ४५ मिली, आपेरोल ३० मिली आणि व्हर्मूथ २० मिली असे माप धरावे. त्याने मद्यार्क पुन्हा २६ टक्क्यांच्या आसपास येतो आणि गोडी उतरते. मग बिटर्सचे, म्हणजे वनस्पतींच्या कडू अर्काचे, तीन-चार थेंब घालून चाखावे आणि गरज वाटल्यास आणखी घालावे. हे दोन टप्पे एकदमच उरकले, तर नेमके कशाने सुधारले ते कळत नाही आणि पुढच्या बाटलीच्या वेळी पुन्हा तीच झटापट होते.

चिनार हा दुसरा उमेदवार आहे. हे लिक्युर १६.५ टक्क्यांचे आहे, आर्टिचोकसह अनेक वनस्पतींपासून बनते आणि त्याचा कडूपणा काम्पारीसारखा टोकदार नसून मातकट, वनस्पतींच्या अंगाचा असतो. जिनपेक्षा बर्बन व्हिस्कीबरोबर ते अधिक खुलते, म्हणून निग्रोनीपेक्षा बूलव्हार्डिएमध्ये, म्हणजे बर्बनच्या निग्रोनीत, ते आधी करून पाहावे. जेन्शनच्या मुळीचे सूझ मात्र सरळ काम्पारीच्या जागी घालून गोड लाल व्हर्मूथ तसेच ठेवले, तर चव भांडते. सूझवर उभी असलेली पांढरी निग्रोनी २००१ मध्ये वेन कॉलिन्स या बारटेंडरने बनवली, तेव्हा त्याने व्हर्मूथच्या जागी लिले ब्लाँ ही फिकी, सुगंधी वाइन घेतली होती. एक कडू लिक्युर बदलले, की त्याच्या शेजारचा घटकही बदलावा लागतो, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

उलट, बदली लिक्युर मुळापेक्षा जास्त कडू निघाले, तर साखर ओतत बसण्याआधी मिठाच्या पाण्याचे दोन थेंब घालून पाहावेत. २० ग्रॅम मीठ ८० ग्रॅम पाण्यात विरघळवून ठेवलेले द्रावण त्यासाठी पुरते. मीठ कडूपणाची जाणीव दाबते आणि दोन थेंबांत पेय खारटही होत नाही.

सुगंध पोकळ राहतो

शार्त्रूझच्या बाबतीत खरी अडचण इथे येते. फ्रान्समधल्या कार्थुसियन मठवासीयांनी २०२१ मध्ये उत्पादन आणखी न वाढवण्याचे ठरवले, तेव्हापासून हिरवे शार्त्रूझ न मिळण्याच्या तक्रारी अनेक देशांत वाढल्या आहेत आणि ‘लास्ट वर्ड’ करणाऱ्यांना पर्याय शोधणे भाग पडले आहे. या कॉकटेलमध्ये जिन, हिरवे शार्त्रूझ, मारास्किनो आणि लाइमचा रस समान मापाने येतात. १३० वनस्पतींचा दावा असलेल्या लिक्युरची हुबेहूब नक्कल एका बाटलीने होणार नाही, हे आधीच मान्य करावे. मग प्रश्न उरतो तो कोणता अंश जपायचा याचा.

पिवळे शार्त्रूझ मिळाले तर ते सर्वांत जवळचे, पण ते ४० ते ४३ टक्क्यांचे, मऊ आणि अधिक गोड आहे. जेनेपी हे आल्प्समधल्या आर्टेमिसिया जातीच्या वनस्पतींचे लिक्युर हिरवा, रानटी सुगंध सांभाळते. खोली मात्र कमी पडते. इटलीची स्त्रेगा केशरामुळे पिवळी आहे, तिच्यात पुदिना आणि बडीशेपेचा भास आहे आणि ती ४० टक्क्यांची आहे. बेनेडिक्टिन हे वनस्पतींचेच लिक्युर मधाळ आणि जड असल्याने लास्ट वर्डमध्ये एकटे घालू नये. माझी पसंती जेनेपी दोन भाग आणि स्त्रेगा एक भाग या मिश्रणाला आहे, कारण एकात जे नाही ते दुसऱ्यात बऱ्यापैकी आहे. मद्यार्काची तूट इथेही भरावी लागतेच. प्रत्येकी २२.५ मिलीच्या मूळ मापात मिश्रण सुमारे ३२ टक्क्यांचे होते आणि ४० टक्क्यांचे पर्यायी लिक्युर घातल्यास २८ टक्क्यांचे. ४७ टक्क्यांची जिन ३० मिली घेतली, की आकडा पुन्हा ३१ वर येतो आणि पर्यायाचा विसविशीतपणा बराच लपतो.

त्याच पेयातले मारास्किनो हे दुसरे फसवे ठिकाण आहे. मारास्का चेरीपासून ऊर्ध्वपातन करून बनणारे हे लिक्युर रंगहीन असते आणि बियांमुळे त्याला बदामासारखा किंचित कडवट वास असतो. त्याच्या जागी गडद लाल चेरीचे लिक्युर घातले, तर रंग गढूळ होतो आणि पेय मुरंब्याच्या वाटेला लागते. कॉकटेलवर ठेवायच्या लाल चेरींच्या बरणीतला पाक तर त्याहून वाईट, त्यात चेरीच्या वासापेक्षा रंग आणि साखरच अधिक. चेरीचेच, पण साखर नसलेले किर्श घ्यावे. लक्सार्दोचे मारास्किनो ३२ टक्क्यांचे आहे, त्याच्या २२.५ मिलीइतका मद्यार्क ४० टक्क्यांच्या १८ मिली किर्शमधून मिळतो. त्यात वजनाने दोन भाग साखर आणि एक भाग पाणी अशा दाट पाकाचे ७ ते ९ मिली घातले, की साखरही जागेवर येते.

काही ठिकाणी मात्र पर्याय शोधूच नये. एव्हिएशन या जिनच्या कॉकटेलच्या १९१६ च्या छापील कृतीत जांभळ्या व्हायोलेट फुलांचे क्रेम द व्हियोलेत होते, पण १९३० मध्ये छापलेल्या कृतीत ते नाही, आणि नंतरची अनेक दशके लोक जिन, मारास्किनो आणि लिंबाचा रस एवढेच घालून एव्हिएशन पीत राहिले. रंगासाठी ब्लू क्युरासाओ ओतून संत्र्याचा वास आणण्यापेक्षा ते लिक्युर सरळ वगळलेले चांगले.

लिक्युरऐवजी सरबत घातल्यावर

एल्डरफ्लॉवरच्या लिक्युरऐवजी त्याच फुलांचे मद्यविरहित सरबत घालणाऱ्यांचे पेय अनेकदा आंबट होते आणि ते गोंधळतात, कारण भीती गोडीची असते. सरबतांत बहुधा सायट्रिक आम्ल असते. २० टक्क्यांच्या लिक्युरच्या २० मिलीऐवजी १० मिली सरबत आणि १० मिली ४० टक्क्यांची व्होडका घ्यावी, म्हणजे मद्यार्क तंतोतंत जुळतो, आणि लिंबाचा रस ५ मिलीने कमी करून सुरुवात करावी. कॉफी लिक्युरसाठी हीच रीत आणखी सोपी आहे: दाट कॉफी, रम आणि पाक, एवढ्यावर काम भागते.

पेय फाटले असेल, तर सायीचे लिक्युर आणि लिंबू एकत्र आले आहेत. त्याला दुरुस्ती नाही. बडीशेपेच्या जातीचे लिक्युर बर्फाने पांढुरके झाले असेल, तर तो दोष नव्हे. मद्यार्क पातळ झाल्यावर त्यातली तेले विरघळलेली राहत नाहीत, एवढेच घडलेले असते.

घरी मुरवलेले लिक्युर

पर्याय म्हणून घरीच संत्र्याचे लिक्युर मुरवणाऱ्यांना पुन्हा पहिलीच तक्रार भेटते. ४० टक्क्यांच्या १०० मिली व्होडकात साली मुरवून ५० मिली पाक मिसळला, की हाती २७ टक्क्यांच्या जवळपासचे लिक्युर येते; म्हणजे ते स्वस्त ट्रिपल सेकच्या पंगतीला जाऊन बसते आणि पाककृतीत मूळ मद्य वाढवावे लागते. ५० टक्क्यांचे मद्य मिळाले तर तेच ३३ टक्क्यांचे होते. सालीचा फक्त रंगीत थर घ्यावा, पांढरा थर रेंगाळणारा कडूपणा आणतो.

अमारेत्तो हे बदामाच्या स्वादाचे लिक्युर मात्र जर्दाळूच्या बियांतला गर किंवा कडू बदाम मुरवून घरी करू नये. त्यांत अमिग्डालिन असते, त्यापासून हायड्रोजन सायनाइड तयार होते आणि घरच्या रीतीने ते किती उतरले हे मोजता येत नाही. त्याऐवजी बदामाचा तयार ऑर्झा पाक घ्यावा किंवा साध्या पाकात बाजारातल्या बदाम अर्काचा एक थेंब घालावा, आणि मद्यार्क ब्रँडीने भरून काढावा. ऑर्झाने अमारेत्तो सावर दुधट दिसते आणि थोडे जडही होते, म्हणून पहिल्या खेपेला अमारेत्तोच्या मापाच्या निम्माच ऑर्झा घालून उरलेल्या निम्म्यासाठी ब्रँडी घ्यावी, आणि लिंबाचा रस मूळ मापाइतकाच ठेवून चाखावे.